दहा डॉलरचा व्हॉल्व्ह आणि थांबलेली टोयोटा

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. पहाटे सव्वाचारच्या सुमारास जपानमधल्या आइची प्रांतात, कारिया शहरातल्या आयसिन सेइकी कंपनीच्या एक नंबरच्या कारखान्यात आग लागली. नऊ वाजायच्या आत ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या लाइनी जवळजवळ पूर्ण जळाल्या. पाचशेहून जास्त यंत्रे निकामी झाली. शेजारच्याच टोयोटा शहरातल्या मंडळींना परिस्थिती समजायला फार कागद चाळावे लागले नसतील. पी-व्हॉल्व्ह नावाचा ब्रेकचा एक भाग या कारखान्यात दिवसाला ३२,५०० नग बनत असे, आणि टोयोटाला लागणाऱ्या पी-व्हॉल्व्हपैकी ९९ टक्के इथूनच जात. उरलेला एक टक्का निश्शिन कोग्यो नावाची कंपनी देई.

हा भाग मुठीत मावेल एवढा, किंमत दहा डॉलरच्या आगेमागे. लाइनवरचा साठा काही तासांचा. वाटेतला आणि गोदामातला धरला तरी फार तर दोन-तीन दिवसांचा. मंगळवारी, ४ फेब्रुवारीला, टोयोटाच्या जपानमधल्या तीसपैकी वीस असेंब्ली लाइनी बंद पडल्या. बुधवारी जवळपास सगळ्याच. जगभरचे कारखानदार ज्यांची शिस्त बघायला विमानाने येत, त्यांचे गाडे एका व्हॉल्व्हपाशी अडले.

व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण बहुधा 'जस्ट इन टाइम'चे, म्हणजे माल लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच मागवण्याच्या पद्धतीचे, धोके समजावताना निघते. मला त्यातला दुसरा धागा जास्त कामाचा वाटतो. एखादा भाग, त्या भागाचे काम आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे-यंत्रे, या तीन गोष्टी आपण बोलण्याच्या ओघात एकाच पिशवीत भरतो. कारियाच्या आगीने त्या तिन्ही सुट्या करून दाखवल्या.

व्हॉल्व्ह करतो तरी काय

चालत्या गाडीचा ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते. पुढची चाके रस्त्यावर घट्ट बसतात, मागची हलकी होतात. अशा वेळी चारही चाकांना तेलाचा सारखाच दाब मिळाला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. पावसाळ्यात घाटात ज्याने हे एकदा अनुभवले आहे त्याला जास्त सांगायला नको. पी-व्हॉल्व्ह मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर बसतो. ठरावीक दाबापर्यंत तो तेलाला मोकळी वाट देतो. तो टप्पा ओलांडला की मागचा दाब पुढच्याच्या मानाने हळू वाढू देतो. आत एक छोटा पिस्टन, स्प्रिंग, सील आणि अत्यंत नेमकी निमुळती भोके. वीज नाही, सेन्सर नाही.

आपल्याकडच्या पिकअप आणि छोट्या टेम्पोंना याचाच एक प्रकार असतो, गॅरेजवाले त्याला एलएसपीव्ही म्हणतात. व्हॉल्व्ह चेसिसवर आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळू लागतो. आता मालकाने जास्त माल वाहायला पाटे वाढवून घेतले, तर चेसिस पूर्वीइतके खाली बसत नाही. गाडी ठासून भरलेली असली तरी व्हॉल्व्हच्या लेखी ती अर्धी रिकामी. मागचा ब्रेक कमी पडतो, पुढचे पॅड लवकर संपतात, आणि दांडी नव्याने सेट करायचे कोणाच्या ध्यानात आले नाही तर मेकॅनिक पॅड बदलत बसतो. व्हॉल्व्ह काढून तपासला तर शाबूत. पाटे दणकट. पॅड नवेकोरे. एकेक भाग बाकावर ठेवून तपासला तर तिघेही पास होतील, आणि गाडी मात्र उताराला थांबायला वेळ घेईल.

काम एक, खोळंबा भलत्याच ठिकाणी

पी-व्हॉल्व्हचे काम मागची चाके जाम होऊ न देणे, एवढेच. पण १९९७च्या त्या आठवड्यात तो नसताना जे थांबले त्याचा ब्रेकशी काही संबंध नव्हता. पेंट शॉप थांबले. सीट बनवणारे, काचा पुरवणारे, टायर आणणारे ट्रक थांबले. म्हणून काही 'टोयोटा चालवणे हे पी-व्हॉल्व्हचे काम आहे' असे कोणी म्हणणार नाही.

कारखान्यात हे इतके उघड दिसते की हसू येईल. इतर क्षेत्रांत मात्र भल्याभल्यांचा पाय इथे घसरतो. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या सर्जनने एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या रुग्णाला समजत बरेच काही होते, पण तोंडातून 'तान' या एका उच्चाराखेरीज जवळपास काही निघत नसे. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली आणि बोलण्याची जागा मिळाली असे ठरले. ब्रोकाचे निरीक्षण पक्के होते. त्यातून 'अमुक जागा म्हणजे अमुक काम' हा जो सरसकट नियम पुढे निघाला तो कच्चा. सुमारे शंभर वर्षांनी रिचर्ड ग्रेगरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने त्यावर नेमके बोट ठेवले. रेडिओतला एक रेझिस्टर काढला आणि रेडिओ किंचाळू लागला, तर किंचाळी दाबून ठेवणे हे त्या रेझिस्टरचे काम होते असे कोणताही दुरुस्तीवाला म्हणणार नाही. भाग काढल्यावर आपल्याला दिसते ते उरलेल्या यंत्राचे वागणे. भागाचे काम कळायला पूर्ण सर्किट समजावे लागते.

जनुकांच्या बातम्या वाचताना मला ग्रेगरींची हमखास आठवण येते. 'लठ्ठपणाचे जनुक सापडले' असा मथळा दिसला की त्यातले सापडणे किती आणि किंचाळणे किती, हे विचारून घ्यावे.

स्टोअरच्या रजिस्टरमधून

आता प्रश्न असा, की एवढा नडणारा भाग आधी कोणाच्या डोळ्यांत का भरला नाही? ज्याने कुठल्याही कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम केले आहे त्याला एबीसी पद्धत माहीत असते. वर्षभराच्या खपाची रक्कम काढायची, मोठ्या रकमेचे नग 'ए'मध्ये, मधले 'बी'मध्ये, किरकोळ 'सी'मध्ये. 'ए'वर साहेबाचे रोज लक्ष, 'सी' स्टोअरकीपरच्या भरवशावर. गाडीच्या किमतीत हजारातला एखादा भाग व्यापणारा पी-व्हॉल्व्ह 'ए'मध्ये जाणे शक्यच नव्हते. ही यादी पैसा कुठे अडकतो ते दाखवते. काम कुठे अडकेल याबद्दल ती मुकी असते.

त्यावर उतारा म्हणून व्हीईडी पद्धत आली: अत्यावश्यक, आवश्यक, असले तर बरे. रुग्णालयांच्या औषधभांडारात ती चांगली चालते, कारण तिथे खरोखरच काही औषधांवाचून निभावते. असेंब्ली लाइनवर तिचा फज्जा उडतो. टोयोटाच म्हणते त्याप्रमाणे स्क्रूपर्यंत मोजले तर एका गाडीत साधारण ३०,००० भाग असतात, आणि त्यातला कुठलाही एक नसेल तर गाडी गेटबाहेर पडत नाही. दाराची रबरी पट्टीसुद्धा अत्यावश्यकच. ज्या यादीत सगळेच अत्यावश्यक, तिचा उपयोग काय?

गणित तर याहून घाबरवणारे आहे. समजा, प्रत्येक भाग वेळेवर हजर असण्याची खात्री ९९.९९ टक्के आहे आणि एकाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नाही. तर एखाद्या दिवशी तीसच्या तीस हजार भाग हजर असण्याची शक्यता निघते जेमतेम ५ टक्के. शंभरातले पंच्याण्णव दिवस काही ना काही शॉर्ट. भोसरी-चाकणच्या कुठल्याही लाइन सुपरवायझरला हा आकडा दाखवा, तो म्हणेल, बरोबर आहे, मग आम्ही दिवसभर फोनवर काय करतो असे तुम्हाला वाटते!

खरेदीशास्त्रात या कोड्याची सर्वांत नेटकी मांडणी पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये केली. त्यांनी प्रत्येक मालाला दोन प्रश्न विचारले: याच्यामुळे नफ्यावर किती परिणाम होतो, आणि हा मिळण्यात धोका किती. चार घरे पडली. त्यातले 'स्वस्त पण दुसरीकडे न मिळणारे' हे घर खरेदीवाल्याची झोप उडवणारे, कारण या मालासाठी वेळ द्यावा इतका त्याचा भाव नसतो आणि तो अडला की भाव कोणी विचारत नाही. पी-व्हॉल्व्ह अगदी याच घरातला. टोयोटाचा रिवाज खरे तर एका भागाला किमान दोन पुरवठादार ठेवण्याचा. इथे आयसिनचा दर्जा आणि दर दोन्ही इतके चांगले होते की रिवाज बाजूला राहिला. म्हणजे नव्व्याण्णव टक्के माल एका छपराखाली गेला तो निष्काळजीपणाने नव्हे, तर वर्षानुवर्षे घेतलेल्या एकेका शहाण्या निर्णयाने. बेरीज मात्र वेडी झाली.

बासष्ट कंपन्या, एक व्हॉल्व्ह

आयसिनने आग विझायच्या आधीच, पहाटेच, आणीबाणीचा कक्ष उघडला. जादा मोबाइल फोन आणि झोपण्याच्या पिशव्या मागवल्या. टोयोटाला, इतर पुरवठादारांना, अगदी ज्यांच्याशी फारसा व्यवहार नव्हता अशांनाही कळवले: आमच्याकडून होणार नाही, तुम्ही व्हॉल्व्ह बनवून द्या. ड्रॉइंग फॅक्सने सुटली. प्रकार एकच असता तर गोष्ट वेगळी; वेगवेगळ्या मॉडेलांचे मिळून शंभराच्या घरात प्रकार होते.

इथे जरा थांबून दुकानात उतरू या. ड्रॉइंग हातात आले म्हणजे भाग आला असे मानणाऱ्या माणसाने मशीन शॉप बघितलेले नसते. आयसिनकडे हा व्हॉल्व्ह खास त्याच्यासाठीच बांधलेल्या यंत्रांवर बनत असे. एक यंत्र एकच भोक पाडणार, पण दिवसभर, डोळे मिटून, मायक्रॉनमध्ये. तीच यंत्रे राख झाली होती. मदतीला आलेल्यांकडे होती साधी, बहुउद्देशी मशीनिंग सेंटर. त्यावर तोच भाग काढायचा तर क्लॅम्पिंगसाठी वेगळे फिक्स्चर, निमुळत्या भोकासाठी वेगळे कटर, वेगळा क्रम, वेगळे गेज. एखादा फोन करून आयसिनच्या इंजिनिअरला विचारावे, तर एक तर लाइन लागत नसे, आणि लागली तरी तो बिचारा सांगणार काय? त्याला त्याच्या यंत्रावरची पद्धत ठाऊक. तुमच्या यंत्रावर हा भाग त्याने जन्मात काढलेला नव्हता. या सबंध प्रकरणातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. जो भाग बनवण्यात आयसिनचा हात कोणी धरू शकत नव्हते, त्यातले आयसिनचे ज्ञान या आठवड्यात फारसे उपयोगी पडले नाही. ते ज्ञान जळालेल्या यंत्रांना चिकटलेले होते.

मग प्रत्येकाने आपापला मार्ग काढला. डेन्सोने आपल्याकडची चालू कामे दुसऱ्यांकडे सरकवून मशीन मोकळी केली. ताइहो कोग्योने आपल्या छोट्या जॉबवर्कवाल्यांना जुंपले. टोयोटाचा स्वतःचा प्रोटोटाइप विभाग, जो एरवी नव्या गाड्यांचे नमुने बनवतो, तोही व्हॉल्व्ह काढू लागला. शिलाई मशीन आणि फॅक्स बनवणाऱ्या ब्रदर इंडस्ट्रीजने आयुष्यात मोटारीचा भाग बनवला नव्हता. त्यांनी सुमारे ५०० मनुष्यतास खर्चून एक मिलिंग मशीन या कामासाठी बदलून घेतले आणि त्यावर दिवसाला निघाले ४० व्हॉल्व्ह. हिशोबाला बसणाऱ्याने कपाळावर हात मारावा असा हा सौदा. त्या आठवड्यात तो हिशोब कोणी मांडला नाही. (टोयोटाचे मूळ घराणेही हातमाग-यंत्रमागाचे आणि आयसिनच्या पूर्वजांनीही शिलाई मशीन बनवलेले, त्यामुळे ब्रदरची हजेरी अगदीच परक्याची नव्हती असे म्हणायचा मोह होतो. पण तो योगायोग म्हणूनच सोडून देतो.)

लाइनवर बसवता येईल अशा दर्जाचे पहिले हजार व्हॉल्व्ह आले ते कोणा बड्या कंपनीकडून नाही, तर क्योरित्सु सांग्यो या वेल्डिंगचे इलेक्ट्रोड बनवणाऱ्या छोट्या पुरवठादाराकडून. आगीपासून ८५ तासांत. तयार माल आधी आयसिनकडे तपासणीला जाई आणि मग टोयोटाकडे, कारण काही झाले तरी हा ब्रेकचा भाग. घाईत बनला म्हणून सवलत नाही. गुरुवारी काही लाइनी पुन्हा फिरू लागल्या आणि पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला उत्पादन जवळपास पूर्वपदावर आले. शेवटी मोजले तेव्हा प्रत्यक्ष व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या ६२ भरल्या, आणि टूल, फिक्स्चर, कच्चा माल देणाऱ्या धरून दोनशेच्या वर. सुमारे ७०,००० गाड्यांचे उत्पादन हुकले, त्यातले बरेचसे नंतर ओव्हरटाइमने भरून काढले.

दुसरा आणि वेगळा

सुरक्षेचा विचार करताना आपली पहिली धाव 'दुसरा ठेवा' याकडे असते. दुसरा पंप, दुसरा जनरेटर, मूत्रपिंडांसारखी जोडी. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे: जुळी भावंडे एकाच रोगाने आजारी पडतात.

जीवशास्त्राने याहून वेगळी एक व्यवस्था दाखवली. जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी २००१ मध्ये तिच्यावर एक लेख लिहून लक्ष वेधले: रचना वेगवेगळी, पण गरज पडली तर तेच काम करू शकणारे भाग. जनुकीय संकेतात ल्युसिन या अमिनो आम्लासाठी सहा वेगवेगळे तिअक्षरी संकेत आहेत, हे त्याचे अगदी प्राथमिक उदाहरण. यीस्टवर झालेले प्रयोग जास्त बोलके आहेत. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये जनुके सुमारे ६,०००. संशोधकांनी एकेक काढून टाकत पाहिले, तर भरपूर अन्न मिळत असताना ज्याच्यावाचून पेशी जगतच नाही अशी जनुके निघाली साधारण पाचातले एक. बाकीची काय रिकामटेकडी? तसे वाटले होते खरे. पुढे त्याच पेशींना कमी अन्न, वेगवेगळी रसायने, नाना प्रकारचे ताण देऊन पाहिले तेव्हा जवळपास प्रत्येक जनुकाचे कुठे ना कुठे अडते हे दिसले. रोजच्या दिवशी कोणावाचून अडत नाही आणि वाईट दिवशी कोणावाचून अडते, या दोन याद्या निराळ्या.

ब्रदर इंडस्ट्रीज टोयोटाच्या कुठल्याही पर्यायी पुरवठादारांच्या यादीत नव्हती. वेल्डिंगचे इलेक्ट्रोड बनवणारा व्हॉल्व्हसाठी राखीव ठेवलेला नव्हता. ती दुसरी आयसिन नव्हती. आयसिनपेक्षा सर्वस्वी वेगळी दुकाने होती आणि म्हणूनच त्यांच्यावर आयसिनची आग पोचली नाही. त्यांची यंत्रे संथ होती, महाग पडत होती, पण बहुउद्देशी होती. आयसिनच्या खास यंत्रांत जो गुण होता तोच आगीनंतर दोष ठरला, आणि या साध्या यंत्रांचा एरवीचा दोष कामी आला.

मदत का केली

या टप्प्यावर लेखक मंडळी जपानी संस्कृतीचे गोडवे गायला लागतात. मला ते पटत नाही. जपानमध्येच एरवी एकमेकांचे गळे धरणारे पुरवठादार काही कमी नाहीत. दोन साधी कारणे समोर आहेत. पहिले, टोयोटाची लाइन बंद म्हणजे सीटवाल्याचीही बंद, काचवाल्याचीही बंद. व्हॉल्व्ह लवकर येण्यात प्रत्येकाचा स्वतःचा पगार गुंतलेला. दुसरे कारण जास्त खोल आहे. टोयोटाच्या पुरवठादारांची क्योहोकाई ही संघटना १९४३ पासूनची. एकमेकांच्या दुकानात जाऊन अभ्यास करणारे गट, इंजिनिअरांची ये-जा, एकाच भाषेत लिहिलेली ड्रॉइंग आणि दोषनोंदी, हे सगळे पन्नास वर्षे चालत आलेले. फॅक्सवरून आलेले ड्रॉइंग क्योरित्सुच्या माणसाला कळले, कारण तशीच ड्रॉइंग तो रोज वाचत होता. ही गोष्ट आणीबाणीत उभी करता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार.

मदत करताना 'दर काय देणार' हे कोणी विचारले नाही. खर्च आयसिनने नंतर भरून दिला. शिवाय टोयोटाने पहिल्या फळीच्या पुरवठादारांना जानेवारी ते मार्चमधल्या त्यांच्या टोयोटाला झालेल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम दिली, एकूण १५ अब्ज येनच्या वर. उपकाराची परतफेड म्हणा किंवा पुढच्या आगीचा विमा म्हणा.

ताडून पाहायला एक उलटे प्रकरण. मार्च २००० मध्ये अमेरिकेत अल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून छोटीशी आग लागली, दहा मिनिटांत विझली. नोकिया आणि एरिक्सन दोघांच्याही मोबाइलच्या चिप तिथून येत. नोकियाने ताबडतोब हालचाल करून इतर ठिकाणची क्षमता अडवली आणि काही चिपची रचना बदलून घेतली. एरिक्सन वाट पाहत राहिली. तिच्या विक्रीचे सुमारे ४० कोटी डॉलरचे नुकसान झाले. आग एकच, भाग एकच. फरक होता तो कोणाला किती लवकर दुसरी वाट धरता आली याचा.

आगीनंतरची चौदा वर्षे

आगीनंतर अनेकांनी सल्ला दिला, साठा वाढवा. टोयोटाने तो सरसकट मानला नाही, आणि माझ्या मते बरोबर केले. साठा फक्त त्याच भागाचा ठेवता येतो ज्यावर तुम्हाला संशय आहे. तीस हजारांतला पुढचा कुठला, हे कोणाला माहीत? महिनाभराचे सगळेच साठवायचे तर गाड्या बनवायला जागाच उरणार नाही.

पण यातला मोठा डाग नंतर उघडा पडला. ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर टोयोटाला कळले की आपण ज्या भागाचे दोन-दोन पुरवठादार मोठ्या हौसेने ठेवले, त्या दोघांचाही माल खाली तिसऱ्या-चौथ्या पायरीवर एकाच कारखान्यातून येतो. कागदावर पिरॅमिड वाटणारी साखळी प्रत्यक्षात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची निघाली, वरून रुंद होत जाणारी आणि तळाशी पुन्हा एका टोकाला मिळणारी. आपल्याकडे हे काही नवल नाही. दोन व्हेंडर आहेत म्हणून खरेदीवाला निर्धास्त असतो, आणि दोघांचेही प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट एमआयडीसीतल्या एकाच शेडमध्ये होत असते. शेडची वीज गेली की दोन्ही व्हेंडर एकाच दुपारी माफी मागायला येतात.

त्या भूकंपात रेनेसासचा हिताचीनाका इथला चिप कारखाना बंद पडला. तिथेही मोटार कंपन्यांनी माणसे पाठवली, एका दिवशी अडीच हजारांपर्यंत. पण ही माणसे आली ती तोच कारखाना उभा करायला. पी-व्हॉल्व्ह मिलिंग मशीनवर काढता येतो. मायक्रोकंट्रोलर शिलाई मशीनवाल्याला काढता येत नाही. एक चिप तयार व्हायलाच दोन-तीन महिने लागतात. १९९७ची युक्ती इथे चालली नाही आणि उत्पादन पूर्ववत व्हायला महिने गेले. मग टोयोटाने दोन गोष्टी केल्या. पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंत लाखो ठिकाणांची माहिती एका यादीत आणली, आणि चिपसारख्या, लवकर न बनणाऱ्या, मोजक्याच भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितले. साठा सगळ्याचा नाही. ज्याची जागा घ्यायला वेळ लागतो त्याचाच. २०२१च्या चिपटंचाईत याचा फायदा सुरुवातीचे काही महिने झाला. त्या सप्टेंबरमध्ये मात्र टोयोटालाही जगभरचे ठरलेले उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावे लागले.

आणि पी-व्हॉल्व्ह? भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा, सक्तीचे आहे. मागच्या चाकाला किती दाब द्यायचा हे आता त्यातला सॉफ्टवेअरचा काही ओळींचा कोड ठरवतो. काम तेच आहे, भाग बहुतेक मोटारींतून गेला आहे, आणि अवलंबून असण्याचा पत्ता बदलून स्प्रिंगवरून चिपवर आला आहे. जुना व्हॉल्व्ह मिळाला नाही तर एखादा कारागीर तो काढून देऊ शकत होता.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सर्व १४ असेंब्ली कारखाने पुन्हा थांबले. या वेळी कुठे आग नव्हती, भूकंप नव्हता, एकही भाग शॉर्ट नव्हता. सुट्या भागांच्या ऑर्डरी चालवणाऱ्या सर्व्हरची दोन दिवसांपूर्वी देखभाल झाली होती. त्यात जुना डेटा आवरताना डिस्कमधली जागा संपली आणि यंत्रणा बंद पडली. बॅकअप होता. पण तो त्याच प्रणालीवर चालत असल्याने त्याच कारणाने तोही पडला. डेटा जास्त जागेच्या सर्व्हरवर हलवल्यावर दुसऱ्या दिवशी लाइनी सुरू झाल्या.